लोणार नीट पाहायचं तर आधी धार, मग सरोवर

लोणार म्हणजे उल्केच्या आघातानं झालेला प्रचंड खड्डा आणि त्याच्या तळातलं सरोवर. इथं गोडं पाणी वर आहे आणि खारं खाली. कड्याच्या वरच्या अंगाला बारमाही धार वाहते आणि तिथून सव्वाशे-दीडशे मीटर खाली सरोवरात जे पाणी आहे ते तोंडात घालवत नाही. गावची वस्ती, देवळं, बारव, नवरात्राची यात्रा हे सगळं या दोन पाण्यांच्या भोवती बसलेलं आहे. म्हणून पाहण्याचा क्रमही पाण्याचाच धरावा: आधी धार, मग उतार, मग सरोवराचा काठ आणि ऊन चढल्यावर गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ. कड्यावर उभं राहून दोन फोटो काढून परतणाऱ्याला एक मोठा हिरवा खड्डा दिसतो. विदर्भात राहून लोणार तेवढंच पाहणं फार वाईट.

हे मार्गदर्शन पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आहे. विशेषतः एसटीनं किंवा गावातून गाडी ठरवून येणाऱ्यांसाठी.

कधी आणि कसं यायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पाऊस नुकताच सरलेला असतो, कडे हिरवे असतात, धारेला जोर असतो आणि थंडीचे पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात. पावसाळ्यात देखणं दिसतं, पण पायवाटेवरची माती आणि शेवाळलेले दगड घसरतात. एप्रिल-मेमध्ये यायचंच असेल तर उजाडता-उजाडता खाली उतरून नऊच्या आत वर यावं. खड्ड्यात वारा फिरत नाही, त्यामुळे बाहेर बेचाळीस अंश असेल तेव्हा खाली जीव कासावीस होतो. उन्हाळ्यात इथं घेरी येऊन बसणाऱ्यांची चूक एकच असते: जेवण करून दुपारी उतरायला निघणं.

लोणारला रेल्वे नाही. एसटीनं येणाऱ्यांनी आधी मेहकर गाठावं. नागपूर, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, कुठूनही मेहकरची गाडी मिळते आणि तिथून लोणार सुमारे २५ किलोमीटर आहे. मराठवाड्याकडून येणाऱ्यांना जालना सोयीचं, तिथून अंतर नव्वदेक किलोमीटर. उतरल्या-उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्थानकावर विचारून कागदावर लिहून घ्या. संध्याकाळी कड्यावर रेंगाळण्यात इथं हमखास वेळ जातो.

स्वतःच्या चारचाकीनं समृद्धी महामार्गावरून येत असाल तर मेहकरला उतरायचं. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकीला मनाई आहे, हे मोटारसायकलवर निघणाऱ्या पोरांनी आधीच ध्यानात घ्यावं. चारचाकीवाल्यांनी निघण्याआधी टायरची हवा आणि टायरचं वय तपासावं. तापलेल्या काँक्रीटवर तासनतास एकाच वेगानं गाडी पळते आणि जुना टायर तिथंच दगा देतो.

एका दिवसात लोणार होतं, पण ओढाताण होते. आदल्या संध्याकाळी येऊन मुक्काम केला तर सकाळ तुमची. सरोवराजवळ एमटीडीसीचं पर्यटक निवास आहे, गावात साध्या खोल्या मिळतात. सुट्ट्यांत आणि नवरात्रात आधी फोन करून खोली पक्की करावी.

पिशवीत काय असावं

माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. खाली पिण्याच्या पाण्याची सोय नाही असंच धरून चाला. पायात मागून बांधलेली, तळव्याला नक्षी असलेली पादत्राणं हवीत. रबरी सपाता आणि नव्या कोऱ्या गुळगुळीत चपला उतारावर धोका देतात. डोक्याला टोपी किंवा दुपट्टा, हातात काठी, खिशात गूळ-शेंगदाणे. दैत्यसूदनाच्या देवळासाठी चांगल्या उजेडाची बॅटरी घ्याच, मोबाईलचा उजेड छतापर्यंत पुरत नाही. पक्ष्यांची हौस असेल तर दुर्बीण.

आणि एक गोष्ट घरूनच करून न्यायची, हळदीचं फडकं. अर्धा चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या सुती कापडाला लावायची, सावलीत वाळवायची आणि दोन बोटं रुंदीच्या चार-पाच पट्ट्या कापून कागदात गुंडाळायच्या. या पट्ट्यांचा उपयोग पुढं सांगतो.

सकाळ: धार

उजाडताच धारेवर जावं. गोमुखातून पडणारं पाणी, खाली कुंड आणि भोवती जुनी दगडी देवळं, असं हे ठिकाण. सीतान्हाणी या नावानंही लोक ते ओळखतात. भाविक इथं आंघोळ करून मग खाली सरोवराकाठच्या कमळजादेवीला जातात. कपडे बदलायला आडोसा नेहमी मोकळा मिळेलच असं नाही, तेव्हा बायामाणसांनी जास्तीचं लुगडं किंवा चादर सोबत ठेवावी. कुंडाच्या पाण्यात साबण लावू नका. हेच पाणी पुढं सरोवरात उतरतं.

धार बारमाही का, ते इथंच उभं राहून समजून घ्यावं. आपल्याकडचा काळा पाषाण थरांवर थर बसलेला आहे. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून आणि मऊ थरांतून हळूहळू झिरपतं. लोणारला हे थर खड्ड्याच्या भिंतीनं आडवे कापले गेले आहेत, त्यामुळे आतलं पाणी भिंतीतून बाहेर फुटतं. ईशान्येकडे याच पाण्यानं कडा चिरून घळ पाडली आहे.

हळदीची पहिली पट्टी इथं वापरा. बोटानं धारेच्या पाण्याचा थेंब सोडा. पट्टी पिवळीच राहते. ती तशीच कागदात परत ठेवा.

उतार

धारेपासून खाली जाणारी वाट देवळांजवळून आधी पायऱ्यांनी आणि मग पायवाटेनं झाडीत शिरते. दुसऱ्या बाजूंनीही वाटा आहेत, पण नवख्यानं वनखात्याच्या माणसांना विचारूनच वाट ठरवावी. हा सगळा भाग अभयारण्य आहे आणि कोणती वाट चालू, कोणती बंद, हे पाण्याच्या पातळीवर आणि जनावरांच्या वावरावर बदलत असतं. झाडीत बिबट्याचा वावर असतो. एकट्यानं उतरू नये, पहाटे अंधारात उतरू नये आणि दिवस मावळायच्या आधी वर यावं. माहितगार वाटाड्या घेतला तर पैसे वाया जात नाहीत: देवळं झाडीत दडलेली आहेत आणि समोरून गेलं तरी चुकतात.

कड्यापासून पाण्यापर्यंतची उंची साधारण १३७ मीटर धरतात. म्हणजे पंचेचाळीस मजली इमारतीचा जिना. उतरायला अर्धा-पाऊण तास, चढायला तासभर. गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. अशांनी पाय आडवा टाकत, काठीवर भार देत उतरावं किंवा सरळ वरच थांबावं. त्यांना पाहण्यासारखं काय आहे ते पुढं दिलं आहे.

माकडांसमोर पिशवी उघडायची नाही. जुन्या देवळांना आणि झाडांना आग्यामोहळ असतं. तिथं बिडी-सिगारेट, अगरबत्तीचा धूर, आरडाओरडा टाळा. एकदा मोहळ उठलं तर त्या वाटेवर पळायलाही जागा नाही.

काठावर

खाली पोचल्यावर आधी नाकाला वास लागतो, सडक्या अंड्यासारखा. पाण्यात शेवाळ दाट वाढतं, ते काठाला येऊन कुजतं, त्याचा हा वास. घाण सोडल्यामुळे येतो असं समजू नका.

आता दुसरी पट्टी काढा. सरोवराच्या पाण्याचा एक थेंब तिच्यावर सोडला की बघता-बघता डाग लालसर विटकरी होतो. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो, तोच हा प्रकार. पाण्यात सोड्याचे क्षार आहेत, त्यामुळे हळद उलटते. आता धारेची पिवळी पट्टी शेजारी धरा. लोणार म्हणजे काय ते पोरांना सांगायला याहून सोपा प्रयोग नाही. घरी गेल्यावर त्या लाल डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल.

पाणी खारं होण्याचं कारण सरळ आहे. सरोवरात पाणी येतं, झऱ्यांचं आणि पावसाचं, पण बाहेर जायला वाट नाही. ते उन्हानं उडून जातं आणि खडकातून धुऊन आलेले क्षार मागं राहतात. हजारो वर्षं हेच चाललं आहे. मात्र हा खारेपणा समुद्रासारखा मिठाचाच नाही, त्यात सोडा भरपूर आहे. उन्हाळ्यात काठावर साचणारे खार जुन्या काळी गोळा करून विकले जात. त्यांच्या प्रतीप्रमाणं नावंही होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. काच आणि साबण करायला लोणारचा माल लागायचा, याची नोंद अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत आहे.

काठावर तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, चिखल. वरून पांढरट, वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पण खाली मऊ गाळ असतो. पाय घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत जातो आणि ओढून काढताना चप्पल आतच राहते. काठीनं टोचून पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका. थेंब घ्यायचा असेल तर दगडावरून वाकून घ्या.

दुसरी, पाणी डोळ्यात किंवा भेगाळलेल्या टाचांना लागलं तर चुरचुरतं. लगेच बाटलीतल्या गोड्या पाण्यानं धुवा. हातपाय धुणं, पोहणं, बाटली भरून घरी नेणं, यातलं काहीच करू नये.

तिसरी, पूर्ण फेरी. सरोवराचा घेर सुमारे चार किलोमीटर आहे आणि जुन्या माहितीत काठानं प्रदक्षिणा घाला असं लिहिलेलं असतं. अलीकडच्या वर्षांत पाणी वाढल्यामुळे काठची वाट आणि काही देवळं अधूनमधून पाण्यात जातात, काही ठिकाणी विलायती बाभळीनं वाट अडवलेली असते. तेव्हा फेरी होईलच असं धरून वेळेचा बेत आखू नका. जिथपर्यंत वाट कोरडी तिथपर्यंत जाऊन त्याच वाटेनं परता.

कमळजादेवीचं देऊळ खालचं मुख्य ठिकाण. नवरात्रात तिची यात्रा भरते आणि तेव्हा आजूबाजूच्या गावांतून माणसं रांगेनं उतरतात. देवळाजवळची सासू-सुनेची विहीर लोक आवर्जून दाखवतात. एका अंगाला पाणी गोडं, दुसऱ्या अंगाला खारं, अशी तिची ख्याती. सरोवराचं पाणी चढलेलं असेल तेव्हा ती दिसत नाही. रामगयेसारखी आणखी देवळं झाडीत आहेत. त्यांच्या भिंतींवर, छतावर चढू नका, दगड सैल झालेले आहेत.

पक्षी पाहायचे तर देवळापासून थोडं दूर, पाण्याकडे तोंड करून दहा मिनिटं गप्प बसा. टिबुकल्या, लांब लाल पायांचे शेकाटे, थंडीत चक्रवाक, आणि झाडीत मोर हमखास. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. पाणी कमी होऊन खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी रंग चढवला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. रंग थोड्याच दिवसांत उतरला. गुलाबी तळं बघायचं म्हणून कुणी येऊ नये, एरवी पाणी हिरवंच असतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वरनंतर हे दुसरं.

कड्यावर परतल्यावर: खड्डा वाचायचा कसा

वर आल्यावर सावलीत बसून पाणी प्या आणि मग समोर नीट बघा. खड्ड्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, कड्याचा घेर साडेपाच-पावणेसहा किलोमीटर. कड्याची किनार भोवतालच्या शेतजमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे. गावाकडून येताना गाडी थोडी चढते, ती त्यामुळे. नुसती जमीन खचून खड्डा झाला असता तर अशी उंच किनार आली नसती. आतल्या भिंतीत वरचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. एरवी विदर्भात कुठल्याही नाल्याच्या काठी हे थर आडवे सपाट असतात, इथं धक्क्यानं उचलले गेले.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं याची नोंद केली. पुढं दीर्घ काळ हा ज्वालामुखीचा खड्डा मानला जात होता. तळात छिद्रं पाडून काढलेल्या खडकात आघातानं काच झालेली खनिजं सापडली आणि १९७३ च्या सुमारास उल्केचा आघात हे कारण पक्कं झालं. वयाबद्दल दोन आकडे ऐकू येतील: सुमारे ५२ हजार वर्षं आणि सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले ते दोन आकडे आहेत, दुसरा अलीकडचा. खडक स्वतः मात्र साडेसहा कोटी वर्षांच्या घरातला. बेसाल्टसारख्या काळ्या पाषाणात झालेलं आणि इतकं चांगलं टिकलेलं आघाती विवर जगात फार दुर्मीळ आहे, म्हणून देशोदेशीचे भूशास्त्रज्ञ इथं येतात. मंगळाच्या आणि चंद्राच्या खडकांशी तुलना करायलाही लोणार वापरतात.

दगड उचलायचा नाही, अभयारण्यातून काहीही नेणं गुन्हा आहे. कुणी ‘उल्केचा तुकडा’ म्हणून विकायला आणला तर घेऊ नका. चुंबक चिकटवून दाखवतात, पण आपल्या शेतातल्या काळ्या दगडालाही चुंबक थोडं ओढतं, कारण त्यात लोहाचं खनिज असतंच.

दुपार: दैत्यसूदन

जेवण आटोपून बारा ते तीन गावात घालवा. लवणासुराला मारणारा विष्णू म्हणजे दैत्यसूदन. लवणासुरावरूनच लोणार, असं स्थळपुराण सांगतं. देऊळ चालुक्य-यादव काळातलं, तळाचा आराखडा चांदणीसारखा कोनाकोनांचा. आधी बाहेरून फिरा. प्रत्येक कोनामुळं सावली मोडत जाते आणि मूर्ती उठून दिसतात. खालच्या पट्ट्यांपासून वर नजर न्यावी.

मग आत जाऊन दोन-तीन मिनिटं नुसतं थांबा. डोळे अंधाराला सरावले की छत दिसायला लागतं, आणि तेच इथलं खरं धन आहे. बॅटरी सरळ वर न धरता बाजूनं तिरकी धरा, म्हणजे कोरीव कामाची खोली कळते. लवणासुराचा वध, कंसवध, नृसिंह आणि हिरण्यकशिपू, असे कथापट वर कोरलेले आहेत. मान अवघडते, म्हणून भिंतीला टेकून बघा, पण कोरीव खांबांना पाठ लावू नका. तेलकट हातांचे डाग दगडात मुरतात आणि निघत नाहीत. मे महिन्याच्या मध्यावर काही दिवस सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास सूर्यकिरण थेट मूर्तीवर येतात. तेव्हा गर्दी असते, जागा धरायची तर दहाला पोचावं.

जवळच लिंबी बारव आहे. पायऱ्या उतरून खाली जाऊ नका, काठावरूनच बांधणी बघा.

संध्याकाळ

उन्हं कलली की मोठ्या मारुतीला. इथला मारुती आडवा, निजलेला आहे. ज्या शिळेत तो आहे ती चुंबकीय असल्याचं सांगतात. शेजारचं अंबर तळं म्हणजे धाकटं लोणार, मुख्य विवरापासून सुमारे ७०० मीटर. उल्केचाच दुसरा तुकडा पडून ते झालं असं बरेच सांगतात, पण यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

शेवटचा तास कड्यावरच्या सज्ज्याशी. सकाळी फोटो नीट येत नाहीत, पाण्यावर धूसरपणा असतो. उतरत्या उन्हात समोरची भिंत उजळते आणि थर मोजता येतात. कठड्याबाहेर सेल्फीसाठी पाय टाकू नका, किनारीची माती भुसभुशीत आहे. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

न उतरणाऱ्यांसाठी आणि सहलींसाठी

वयस्कर मंडळी, गरोदर बायका, लहान लेकरं असलेल्यांनी धारेचा वरचा भाग, दैत्यसूदन, बारव, मोठा मारुती आणि संध्याकाळचा कडा एवढं केलं तरी दिवस सत्कारणी लागतो. उतरता आलं नाही म्हणून हळहळण्याचं कारण नाही, कारण उत्तम कोरीव काम वरच आहे.

शाळेच्या सहलीत दहा मुलांमागं एक मोठं माणूस हवं. हजेरी वर, खाली आणि परत वर अशी तीनदा घ्या. सगळ्यांत पुढं आणि सगळ्यांत मागं शिक्षक असावेत, कारण वाट अरुंद आहे आणि मधली मुलं धक्काबुक्की करतात. स्वच्छतागृह वरच उरकून घ्यायला लावा. वेफर्सच्या पुड्या खाली न्यायच्याच नाहीत, माकडं आणि कचरा दोन्ही टळतात. पाचवीच्या खालच्या मुलांना उतरवू नये.

दुसरा दिवस हाताशी असेल तर

मेहकरला शारंगधर बालाजी आहे. १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली ही काळ्या पाषाणाची भव्य विष्णुमूर्ती परतीच्या वाटेवर तासाभरात पाहून होते. मूर्तीभोवतीचे छोटे दशावतार मुद्दाम शोधा.

सिंदखेडराजा पन्नासेक किलोमीटर. जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा, लखुजींची भव्य समाधी आणि मोती तलावाचा दगडी बांध यांना अर्धा दिवस द्यावा. १२ जानेवारीला जन्मोत्सवाची प्रचंड गर्दी असते, वाहनं गावाबाहेर लांब लावावी लागतात. त्या दिवशी लोणार आणि सिंदखेडराजा एकत्र जमवायला जाऊ नका. एरवी सकाळी आठच्या आत लोणार सोडलं तर दुपारच्या जेवणापर्यंत सिंदखेडराजा पाहून होतं आणि जालन्याकडची किंवा मेहकरकडची गाडी उजेडात मिळते.